पाच नंबर आमच्या घरचा

दोरीवर पाच नंबर वाळत होता.

महादेवपुऱ्याहून बस बदलत बदलत मी रविवारी सकाळी बंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या आमच्या गल्लीत शिरले, तर सगळ्यात आधी तोच दिसला. वांगी रंगाची जर्सी, बाह्या खाली लोंबत्या, पाठीवरचा पांढरा पाच डोक्यावर उभा. पायरीच्या लाल सिमेंटवर थेंब पडत होते. मी पिशवी खाली ठेवली आणि जर्सीच्या कडेला नाक लावलं. रिठ्याचा वास. ऑफिसात माझ्या हाताखाली नऊ माणसं काम करतात, पण त्या वासापुढे मी एका क्षणात सात वर्षांची होते.

"आलीस? हात लावू नकोस तिला, निथळू दे," आई आतून म्हणाली. डोकं बाहेर न काढता तिला कळलं होतं.

आईने मला एक कागद वाचायला बोलावलं होतं. आमच्या गल्लीचा फुटबॉल क्लब यंदा वरच्या लीगमध्ये चढला. वर खेळायचं तर बरंच काही लागतं. गवताचं मैदान लागतं, डॉक्टर लागतो, लहान पोरांची वेगळी टीम लागते. आमच्याकडे एक पत्र्याची खोली आहे आणि चार बॉल, त्यातल्या एकाची हवा फक्त देवाच्या मर्जीने टिकते. एक कंपनी हे सगळं करून द्यायला तयार होती. बदल्यात तिला क्लबची अर्ध्याहून जास्त मालकी पाहिजे होती. त्याचा इंग्रजी कागद आला होता. अकरा वाजता पत्र्याच्या खोलीत बैठक, आणि तो कागद सगळ्यांना समजेल असा वाचायचं काम माझं. फोनवर आई म्हणाली होती, "दोरै अण्णाने वाचला. त्याला स्वल्प समजलंय. आणि जेवढं समजलंय तेवढं चुकीचं."

दोरै अण्णा म्हणजे क्लबचा सेक्रेटरी. तरुणपणी गोलकीपर होता. हल्ली गुडघे वाकत नाहीत, तरी कोणी काही फेकलं की दोन्ही हात आपोआप पुढे येतात.

सरळ सांगते, मला कंपनी हवी होती. मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली. पैसे नसले की चांगली गोष्ट किती दिवस 'चांगली' राहते ते मला ठाऊक आहे. पोरं वर चढली आहेत, त्यांना वर खेळू द्या, एवढंच माझं म्हणणं. पण अकराला वेळ होता, आणि मी थेंबांच्या बाजूला पायरीवर बसले.

आमच्या क्लबात जर्सी खेळाडूची नसते, घराची असते. हे कोणी ठरवलं आणि का ठरवलं, मला माहीत नाही. मला कळायला लागलं तेव्हा हे असंच होतं. अकरा घरं, अकरा नंबर. मॅच झाली की जर्सी घामासकट आपल्या घरी येते. घर ती धुतं, वाळवतं, शिवतं, घडी करून ठेवतं. पुढच्या मॅचच्या सकाळी खेळाडू दारात येतो, जर्सी मागतो, आणि ती त्याला उपाशी पोटी मिळत नाही. आधी खायचं, मग घालायची. खेळाडू बदलतात, लग्न करून दुबईला जातात, पोट सुटून बसतात. नंबर घरातच राहतो. पाच आमचा. नऊ पलीकडच्या रहमतबींचा. एक नंबर दोरै अण्णाच्या घरी, तो स्वतःच धुतो, आणि रहमतबी म्हणतात की तो फक्त पाण्याला दाखवून आणतो.

म्हणून आमची टीम मैदानात उतरली, की तिच्यातून अकरा घरांचे वास सुटायचे. आमचा रिठा. रहमतबींच्या घरचा धने-पुदिना, कारण त्यांची दोरी चुलीवरून जायची. तीन नंबरला सांबराणीचा, म्हणजे धुपाचा, धूर. सात नंबरवाले उन्हाला घाबरायचे नाहीत, त्यामुळे त्यांची जर्सी पापडासारखी कडक यायची आणि पोरगं पळताना कडकडायचं. मी लहानपणी डोळे मिटून पास ओळखायचे. धने-पुदिना जवळ आला म्हणजे बॉल आला.

आणि रंग! रंगाची कथा म्हणजे आमच्या बाबांची चूक. आम्ही मूळचे रंगारी. किती पिढ्यांपूर्वी इकडे आलो ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. घरात मराठी, दारात कन्नड, बाजारात सगळंच. बाबा बाजारामागच्या रंगाच्या दुकानात कामाला. सप्टेंबरात चर्चमधल्या मेरीअम्माच्या जत्रेसाठी बायका भगव्या साड्या रंगवून घ्यायच्या. महिनाभर कढईत भगवा उकळायचा, बाबांचे हात कोपरापर्यंत केशरी, आणि त्याच हातांनी ते मला चपातीचा घास भरवायचे. तशाच एका सप्टेंबराच्या शेवटी क्लबने त्यांना अकरा पांढऱ्या जर्सी दिल्या, निळ्या करून द्या म्हणून. बाबांनी कढई नीट घासली नाही. तळाला भगवा बसलेला, वरून निळा पडला. जर्सी बाहेर निघाल्या त्या निळ्या नव्हत्या आणि भगव्याही नव्हत्या.

"हे काय आहे?" दोरै अण्णाने विचारलं.

"रंग आहे," बाबा म्हणाले.

पहिल्याच मॅचला समोरच्या टीमने आम्हाला नाव ठेवलं, बदनेकाई. कन्नडमध्ये वांगं. कागदावर क्लबचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, ते आता खुद्द खेळाडूंनाही सांगता येत नाही. सगळं बंगळुरू आम्हाला बदनेकाई म्हणतं. निदान सगळं शिवाजीनगर तरी म्हणतं. पुढे दर वर्षी बाबांना तो रंग मुद्दाम करावा लागला, आणि चुकून जमलेली गोष्ट ठरवून जमवताना त्यांना घाम फुटायचा. त्यातून अकरा घरांचं धुणं अकरा तऱ्हांचं. सीझन संपेपर्यंत एक जर्सी जांभळाच्या जवळ, एक विटेच्या जवळ, एक तर थेट राखेकडे निघालेली. एकदा रेफरीने विचारलं, "ही एकच टीम आहे ना?"

आई कधी मॅच बघायला गेली नाही. एकदाही नाही. पण मॅच कशी झाली ते तिच्याइतकं कोणाला कळायचं नाही. जर्सी बादलीत टाकण्याआधी ती दोन्ही हातांत धरून उजेडाकडे करायची. डाव्या कोपराला लाल माती म्हणजे स्लाइड डावीकडे मारली. पाठीवर हिरवं म्हणजे उताणा पडला. गळा ताणलेला म्हणजे कोणीतरी ओढलं. पाच नंबर म्हणजे स्टॉपर, गोलसमोरची भिंत. तेव्हा आमचा पाच मुरुगेश होता, उंच, लाजरा, वेल्डिंगच्या दुकानात कामाला. सकाळी सहाला दारात उभा राहायचा, आणि आई नाचणीच्या आंबिलीचं भांडं त्याच्यापुढे ठेवायची.

"काल जिंकलो अक्का," तो एकदा मॅचच्या दुसऱ्या दिवशी जर्सी द्यायला आला तेव्हा म्हणाला.

"जिंकली टीम. तू कुठे होतास?"

"मैदानातच होतो ना अक्का!"

"काख कोरडी आहे रे मुरुगेशा. पुढे फक्त धूळ आहे, तीसुद्धा उडून आलेली. दुसऱ्या हाफला उभा होतास तू. पोटात दुखत होतं का?"

मुरुगेशने आंबिलीत तोंड खुपसलं. मग म्हणाला, "समोरच्या टीमचा फॉरवर्ड म्हणजे माझ्या होणाऱ्या बायकोचा भाऊ."

आई इतकी हसली की तिने त्याला दुसरं भांडं वाढलं. पण त्याच्या पुढच्या मॅचची जर्सी आली ती चिखलाने अशी जड, की बादलीतून काढायला मी आणि आई दोघी लागलो. आई ती धुताना गुणगुणत होती. मुरुगेशचं लग्न त्याच मुलीशी झालं. मेहुण्याच्या पायाला मात्र पट्टी होती.

माझं काम इस्त्रीचं. इस्त्री आमच्याकडे नव्हती. पितळेच्या तांब्यात उकळतं पाणी घ्यायचं, तांब्याचा गळा फडक्याने धरायचा, आणि नंबरावरून फिरवायचा. पांढरा पाच गरम झाला की त्याचा एक रबरासारखा वास यायचा, मला तो फार आवडायचा. अजूनही कुठे गरम पितळ दिसलं की माझा हात उगाच गोल फिरतो. अभ्यास मी याच पायरीवर केला, दोरीखाली बसून, कारण आत उजेड नव्हता. माझ्या बीकॉमच्या पुस्तकांवर वांगी थेंब आहेत. कॉलेजातल्या मैत्रिणी विचारायच्या, शाई सांडली का? मी म्हणायचे, नाही, पाच नंबर सांडला.

फायनल जिंकली की गल्लीत एक रिवाज होता. इकडच्या माडीपासून तिकडच्या माडीपर्यंत एक लांब दोरी बांधायची आणि अकराही जर्सी एका ओळीत वाळत घालायच्या. खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर थेंब पडायचे आणि कोणी रागवायचं नाही. माझा बीकॉमचा निकाल लागला तेव्हा जून होता, सीझन संपून गेलेला, जर्सी ट्रंकेत. मी कॉलेजातून परत आले तर गल्लीवर दोरी होती. अकराही घरांनी धुतलेल्या जर्सी ट्रंकेतून काढून पुन्हा भिजवल्या होत्या. नुसत्या वाळत घालण्यासाठी. मी खालून गेले, वरून सगळ्या घरांचं पाणी माझ्या डोक्यावर पडलं. दोरै अण्णा ओरडला, "ए डिग्री! वर बघ!" तेव्हापासून गल्लीत माझं नाव डिग्री. मला ते नाव आवडतं. मी ते कमावलंय.

"डिग्री, चल गं! सगळे जमलेत."

दोरै अण्णाच होता, दारात. पाच नंबर अजून ओला होता. आईने तो तसाच काढला, घडी केली आणि काखेत मारला.

"तो कशाला?" मी विचारलं.

"सगळ्या आणणार आहेत," ती म्हणाली.

कारण असं होतं की कंपनीला क्लबच्या मालकांच्या सह्या हव्या होत्या, आणि मालक कोण, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. दोरै अण्णाने क्लबची जुनी वही काढली, तर सभासदांच्या पानावर अकरा नंबर आणि प्रत्येक नंबरापुढे घर, एवढंच. म्हणजे ज्यांच्या घरी जर्सी तेच मालक. पत्र्याच्या खोलीत मग अकरा मालक बसले होते, त्यातल्या दहा बायका आणि एक दोरै अण्णा. प्रत्येकीच्या मांडीवर एक घडी. खोलीत धने, सांबराणी, रिठा. आईच्या मांडीवर ओला डाग पसरत चालला होता.

कंपनीकडून निखिल आला होता. पुण्याचा, जे. पी. नगरला मित्रांबरोबर राहणारा, पांढराशुभ्र शर्ट. मराठी ऐकून त्याचा चेहरा एकदम उजळला.

"काकू, तुम्ही मराठी? वॉव! मी इथे आल्यापासून ऑफिसात नुसतं हिंदीच बोलतोय."

"ये बस. जेवलास का?"

"ब्रेकफास्ट स्किप करतो मी."

खोलीतल्या दहाही बायकांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो न सांगता बसला.

मी कागद वाचायला घेतला. एक कलम इंग्रजीत, मग मराठीत, मग कन्नडमध्ये, मग रहमतबींसाठी त्यांच्या बोलीत. मैदान मिळणार. डॉक्टर मिळणार. लहान पोरांना कोच. प्रत्येक कलमाला माना हलत होत्या आणि माझी छाती फुगत होती. हा कागद आमच्यापैकी फक्त मी नीट वाचू शकत होते. तिसऱ्या पानावर एक कलम आलं. क्लबचे कपडे, रंग आणि चिन्ह कंपनीच्या ताब्यात. देखभाल कंपनीच करेल. मी ते भरभर म्हटलं आणि चौथं पान उलटलं.

"थांब," आई म्हणाली. "मधलं परत वाच."

"वाचलं की आई."

"वाचलंस. पण आवाज खाली गेला तुझा."

ती जर्सी उजेडाकडे धरायची ना, तसं तिने माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले. मी ते कलम परत वाचलं, सावकाश, चारही भाषांत. जर्सी कंपनीच्या लॉण्ड्रीत धुतल्या जाणार. रंग एकच, कंपनीने ठरवलेला. घरी काही येणार नाही.

रहमतबींनी नऊ नंबरावर हात ठेवला. "हमारा नौ किधर भी नै जाता," त्या म्हणाल्या, तेवढंच.

"काकू, आंटी, प्लीज गैरसमज नको," निखिल घाईघाईने म्हणाला. "टीव्हीवर मॅच दिसणार. एक शेड लागते, ब्रँडिंग असतं. आणि तुमचे कष्टच वाचतील ना!"

"मॅचच्या सकाळी पोरं खाणार कुठे?" आईने विचारलं.

"त्यासाठी डाएटिशियन आहे."

"तिला कसं कळणार कोण रात्री झोपला नाही ते?"

निखिलने मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मला कंपनी अजूनही हवी होती. मैदानही हवं होतं. पण आईच्या मांडीवर तो ओला पाच होता, आणि मला पहिल्यांदा दिसलं की या बाईच्या हातून तो गेला, तर मॅचच्या सकाळी सहाला आमच्या दारात कोणीच येणार नाही. बाबा गेल्यापासून त्या घरात सकाळ होते ती त्या एका माणसाच्या भुकेने.

मी आईच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं. तिने हाताने गप्प केलं.

"कंपनी वाईट नाही," ती म्हणाली. "पोरांना मैदान पाहिजे. येऊ दे कंपनीला. पण निखिल, आमच्यात नवीन घर आलं की त्याला पहिल्याच दिवशी नंबर देत नाही रे. आधी राखीव खेळाडूची जर्सी देतो. एक सीझन धुवायची. रहमतबींच्या सासूनेही धुतली, मीही धुतली. मग ठरतं, हे घर आपलं का नाही. तुमची कंपनी पण नवीन घरच झालं की."

"म्हणजे... कंपनीने जर्सी धुवायची?"

"कंपनीला हात आहेत का? तू धू."

पत्रा हलेल एवढं हसणं झालं. दोरै अण्णाचे हात आपोआप पुढे आले, जणू ते हसणं कोणी त्याच्याकडे फेकलं होतं. "सरी, ठरलं! चौदा नंबर रिकामा आहे!" तो म्हणाला. "कंपनीचा हिस्सा अर्ध्याहून कमी. सीझन संपला की पुढचं बोलू. कोणाला मान्य?"

अकराही घड्या मांडीवरून वर उचलल्या गेल्या. आईचीही, पाणी गळत.

निखिलने तिथूनच साहेबांना फोन लावला. "सर, नो सर, नॉट जोकिंग. दे आर व्हेरी क्लिअर, सर." दरम्यान कोणीतरी त्याच्यापुढे इडल्या ठेवल्या, आणि त्याने त्या फोनवर बोलता बोलता संपवल्या.

तीन आठवडे कागद जात-येत राहिला. शेवटी परत आला तेव्हा ते कलम खोडलेलं होतं, आणि मी समासात हाताने लिहून पाठवलेली ओळ त्याच्या जागी छापलेली होती. जर्सी घरांतच राहतील. इंग्रजीत ती ओळ फक्त सहा शब्दांची आहे. कॉलेजात मी पानंच्या पानं लिहिली, पण माझ्या हातून एवढं चांगलं इंग्रजी कधी लिहिलं गेलं नव्हतं. अकरा सह्या झाल्या. आईने आपलं नाव मराठीत लिहिलं, जोडाक्षराशी थांबली, मग पुढे गेली. सहीखाली रिठ्याच्या पाण्याचं एक बोट उमटलं.

परवा नव्या सीझनची पहिली मॅच झाली, गवतावर. मी आईकडेच मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाच नंबर उजेडाकडे धरून बघत होती. लाल माती नव्हती. सगळीकडे हिरवं. "आता हे नवीन शिकावं लागणार," ती खुशीत म्हणाली. तेवढ्यात माझा फोन वाजला. निखिल, व्हिडिओवर. मागे त्याचे मित्र हसून हसून लोळत होते. त्याच्या हातात चौदा नंबर होता आणि खांद्यावर एक शर्ट, जो काल पांढरा असावा.

"काकू कुठेयत? काकू, मी मशीनला लावली. सगळे शर्ट वांगी झाले! ऑफिसला काय घालू? आणि चौदा नंबर फिका पडलाय, पुढच्या मॅचला तो पोरगा मला मारेल. तो येणारे माझ्याकडे पोहे खायला!"

"शर्ट गेले तर गेले, त्यांचं सोड," आई म्हणाली. "जर्सी परत मशीनला लावू नकोस. बादलीत गार पाणी घे. मीठ घाल आणि तासभर ठेव."

"किती मीठ?"

"मूठभर."

"म्हणजे नक्की किती काकू? ग्रॅममध्ये सांगा ना. मूठ माझी का तुमची?"

आईने ओला पाच नंबर खांद्यावर टाकला, हात पदराला पुसला, आणि फोनच्या अगदी जवळ येऊन त्याला आपली बंद मूठ दाखवली.

"ही," ती म्हणाली. "नीट बघून घे."